थांब की जरा, येतंय ते!

स्क्रीनवरचं गोल चक्र चार सेकंद जास्त फिरलं की आपलंही डोकं फिरतं. पण त्या चार सेकंदांत आत काय चाललेलं असतं, आणि इथवर यायला किती वर्षं लागली? चिडायचंच असेल, तर नेमकं कशावर चिडायचं?

गेल्या महिन्यात कराडला घरी गेले होते. रविवारी सकाळी लॅपटॉप उघडला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात प्रेझेंटेशन होतं, चाळीसेक स्लाइड्सची फाइल क्लाउडवरून उतरवून घ्यायची होती. क्लिक केलं. चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय, फिरतंय. मी टेबलावर बोटं आपटली, वायफाय बंद करून परत चालू केलं आणि शेवटी ओरडलेच, 'काय भंगार लॅपटॉप आहे हा!'

पप्पा कॉटवर पेपर वाचत बसले होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, 'किती वेळ झाला गं?'

'अर्धं मिनिट झालं असेल, पप्पा!'

'थांब की जरा. येतंय ते.' आणि परत पेपरात डोकं.

'येतंय ते' हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. स्टँडजवळ पप्पांचं दुकान होतं. पाटीवर 'झेरॉक्स, डीटीपी, लॅमिनेशन' लिहिलेलं. काउंटरवर टेकून उभं राहिलेल्या गिऱ्हाइकाला पप्पा दिवसातून पन्नास वेळा हेच सांगायचे. तेव्हा मला वाटायचं, हे गिऱ्हाइकाला गप्प करायचं वाक्य आहे. आता वाटतं, ते कम्प्युटरबद्दलचं एक अख्खं तत्त्वज्ञान होतं.

आधी मुकुट, मग सोंड

पप्पांनी पहिला कम्प्युटर घेतला १९९७ मध्ये, कर्ज काढून. पेंटियम, १६ एमबी रॅम, १४ इंची मॉनिटर. मी ज्याला भंगार म्हटलं त्या माझ्या लॅपटॉपची रॅम १६ जीबी आहे. म्हणजे हजारपट जास्त. पप्पांनी त्या १६ एमबीवर घर चालवलं, कर्ज फेडलं आणि मला शिकवलं.

लग्नसराईत पत्रिकांचं काम असायचं. कोरलड्रॉमध्ये गणपतीचं चित्र टाकलं की ते एकदम दिसायचं नाही. स्क्रीनवर आधी मुकुट उमटायचा, मग डोळे, मग सोंड, मग सावकाश मोदक. एक अक्षर इकडचं तिकडं केलं की परत सगळं पहिल्यापासून. पप्पा म्हणतात, 'गणपती पूर्ण यायच्या आत माझा हाफ चहा व्हायचा.' मग बटर पेपरवर प्रिंट काढायची आणि ती घेऊन छापखान्यात जायचं. फाइल मोठी असेल तर ती तुकडे करून तीन फ्लॉपींवर भरायची. एका फ्लॉपीत मावणार १.४४ एमबी. दोन फ्लॉपी नीट चालायच्या आणि तिसरी नेमकी छापखान्यात पोहोचल्यावर खराब निघायची. मग सायकलवर टांग टाकून परत दुकान.

मी कळत्या वयाची झाले तेव्हा फ्लॉपी गेली होती, पण भारनियमन होतं. लाइट जायची ठरलेली वेळ असायची आणि ती त्या वेळेच्या आधीच जायची. एकदा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचं पत्रक रात्री अकराला जवळजवळ पूर्ण झालं होतं आणि लाइट गेली. यूपीएसने दोनदा कुईं केलं आणि मान टाकली. फाइल गेली. उमेदवार काउंटरवरच बसून होता. पप्पांनी लाइट आल्यावर परत पहिल्या ओळीपासून टाइप केलं. त्या रात्रीपासून त्यांना दर दोन ओळींनी सेव्ह करायची जी सवय लागली, ती आज आपोआप सेव्ह होणाऱ्या फाइलमध्येसुद्धा सुटलेली नाही. मी हसते. ते म्हणतात, 'तुझी कधी गेली नाही ना अजून, म्हणून हसतीस.'

मराठी असल्याची वेगळी शिक्षा होतीच. श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या कम्प्युटरवर तोच फॉन्ट नसेल तर भलत्याच चिन्हांचा भुगा होऊन उघडायचा. त्यामुळे फाइलसोबत फॉन्टही पाठवायचा. युनिकोड ही प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा नंबर देणारी व्यवस्था १९९१ पासून अस्तित्वात होती आणि देवनागरी तिच्यात पहिल्यापासून होती. पण ती आपल्या गल्लीतल्या दुकानापर्यंत यायला कितीतरी वर्षं गेली. २०१७ मध्ये गुगलने मराठीत बोलून टाइप करायची सोय दिली. आज आपण फोनला तोंडी मराठी सांगतो, तो ते लिहून काढतो आणि एखादी वेलांटी चुकली की आपण कपाळाला हात लावतो.

दहा केबीचा अजस्र प्राणी

दुकानाच्याही मागे जाऊ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगास्वामी नरसिंहन यांच्या चमूने भारतातच तयार केलेला एक मोठा संगणक १९६० मध्ये पूर्णपणे चालू झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं 'टिफरॅक'. खोली भरून टाकणारं हे यंत्र. त्याची मेमरी होती २०४८ खणांची, प्रत्येक खणात ४० बिट. हिशोब केला तर होतात फक्त १० केबी. युनिकोडमधलं देवनागरीचं एकेक चिन्ह साठवायला साधारणपणे ३ बाइट लागतात. त्या हिशोबाने तुम्ही वाचताय तो हा लेखसुद्धा टिफरॅकच्या मेमरीत अर्धाही मावला नसता. आणि त्या यंत्रावर आपल्या देशातल्या शास्त्रज्ञांनी खरोखरीची संशोधनं केली.

मग १९७१ मध्ये इंटेलची ४००४ ही चिप आली, तिच्यावर २३०० ट्रान्झिस्टर होते. आजच्या महागड्या फोनमधल्या नखाएवढ्या चिपवर दीड हजार कोटींच्या वर असतात. अमेरिकेने महासंगणक द्यायला नकार दिल्यावर पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक उभी राहिली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. तेव्हा तो देशाच्या अभिमानाचा विषय होता आणि आजही आहे. पण निव्वळ आकडेमोडीच्या वेगात तुमच्या खिशातला मधल्या किमतीचा फोन त्याला कितीतरी मागे टाकतो. त्या फोनवर आपण काय करतो? मांजरीचं रील बघतो. बघावं की! फक्त ते दोन सेकंद अडकलं तर निदान फोन तरी आपटू नये.

रीलवरूनच हिशोब सांगते. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हाच्या डायलअपचा वेग होता ९.६ केबीपीएस. पाच एमबीचं एक रील त्या वेगाने उतरवायला, लाइन एकदाही न तुटता, जवळजवळ एक तास दहा मिनिटं लागली असती. आणि तेवढा वेळ घरचा फोन लागला नसता. पुढे ५६ केबीपीएसचे मोडेम आले, तेव्हा हेच काम कागदोपत्री बारा मिनिटांवर आलं. आता आपण अंगठ्याने ते सेकंदात पुढे सरकवतो, आणि तेही न बघता.

वडापाव आणि सात दारं

आता एक सेकंद म्हणजे काय ते बघू. तुम्ही वडापावच्या गाडीवर क्यूआर स्कॅन केलात, पिन टाकलात. तुमच्या ॲपने ते तुमच्या ॲपमागच्या बँकेला सांगितलं. तिने राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या यंत्रणेला. त्या यंत्रणेने वडेवाल्याच्या ॲपमागच्या बँकेला विचारलं, हा पत्ता कुणाच्या खात्याचा? उत्तर आलं. मग तुमच्या खात्याच्या बँकेला निरोप, वीस रुपये वजा करा. तिने पिन तपासला, शिल्लक बघितली, पैसे वजा केले. मग त्याच्या बँकेला निरोप, वीस रुपये जमा करा. तिथून होकार. मग परत दोन्हीकडे कळवणं, आणि गाडीवरचा स्पीकर ओरडला, 'वीस रुपये प्राप्त हुए.' यूपीआयवर असे दीड हजार कोटींहून जास्त व्यवहार महिन्याला होतात. हे सगळं सहा सेकंदांऐवजी नऊ सेकंदांत झालं, तर मागे रांगेत उभा असलेला मुलगा म्हणतो, 'नेटची काय कटकट आहे यार!' तो मुलगा म्हणजे मीच असते बहुतेक वेळा.

किंवा माझी ती प्रेझेंटेशनची फाइल. समजा ती सिंगापूरच्या एखाद्या सर्व्हरवर होती. म्हणजे माझा निरोप कराडहून मुंबईला, तिथे वर्सोव्याला जमिनीवर येणाऱ्या समुद्राखालच्या एखाद्या केबलमधून बंगालचा उपसागर ओलांडून सिंगापूरला, आणि उत्तर तसंच परत. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. या वेगाने जाऊन येऊन सेकंदाचा चाळीस-पन्नास हजारावा नव्हे, हजारातले चाळीस-पन्नास भाग. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. हा निसर्गाचाच वेग आहे, याच्यापुढे जायला परवानगी नाही. अमेरिकी नौदलातल्या संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर व्याख्यानाला आलेल्यांना साधारण ३० सेंटिमीटरचा वायरचा तुकडा वाटायच्या आणि सांगायच्या, हा एक नॅनोसेकंद. वीज किंवा प्रकाश एवढ्या वेळात फार तर इतकाच पुढे जाणार. निरोपाला वेळ का लागतो असं विचारणाऱ्या साहेबलोकांना त्या म्हणे याच वायरने समजवायच्या.

मग अजून स्लो का?

पण थांबा. 'बघा, किती पुढे आलोय आपण, तेव्हा गप्प बसा' असा उपदेश मला करायचा नाहीये. कारण प्रश्न खरा आहे. मशीन हजारपट मोठं झालं, तर काम हजारपट पटकन का होत नाही?

निकलॉस विर्थ या स्विस संगणकशास्त्रज्ञाने याचं उत्तर १९९५ मध्येच देऊन ठेवलंय. हार्डवेअर ज्या वेगाने जलद होतं, त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर संथ होत जातं. सोप्या भाषेत सांगायचं तर, घर मोठं घेतलं की सामानही वाढतं. रॅम स्वस्त झाली तशी ती जपून वापरायची गरज कुणाला वाटेना. एक साधी बातमी वाचायला पान उघडावं, तर सोबत जाहिराती, आपला माग काढणारे तुकडे, आपोआप चालू होणारे व्हिडिओ असं सगळं वऱ्हाड येतं. नवरा-नवरी शेवटी.

म्हणून पप्पांनाही मी विचारलं, 'तुम्हाला कधीच राग यायचा नाही का?'

ते हसले. 'त्या मशीनला मी काय कमी शिव्या घातल्यात? दुसऱ्याच वर्षी १६ ची रॅम ३२ केली. त्या पैशात दिवाळीचे कपडे आले असते, तुझी आई अजून ऐकवती.'

हे मला फार आवडलं. म्हणजे 'आमच्या काळी लोकांना संयम होता' वगैरे सगळं झूठ आहे. माणूस तेव्हाही उतावीळच होता. आणि तो उतावीळ होता म्हणूनच मशीन पुढे गेलं. टेपवरून फ्लॉपी, फ्लॉपीवरून पेन ड्राइव्ह, डायलअपवरून फायबर, हे सगळं 'याला एवढा वेळ का लागतो?' असं विचारणाऱ्या कुणीतरी केलंय. त्यामुळे उतावीळपणा वाईट नाही. फरक एवढाच की एक उतावीळपणा 'का?' विचारतो आणि दुसरा नुसता बोटं आपटतो. मी बोटं आपटणाऱ्यातली.

वाट बघण्यातलं नेमकं काय छळतं, यावर अभ्यासही झालेत. जेकब निल्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेले आकडे आजही ॲप बनवणारे वापरतात. सेकंदाच्या दहाव्या भागात प्रतिसाद आला तर आपल्याला ते लगेच झाल्यासारखं वाटतं. एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांनंतर लक्ष उडतं. त्याआधी १९८५ मध्ये ब्रॅड मायर्स यांनी किती टक्के काम झालं ते दाखवणाऱ्या पट्टीचा अभ्यास केला. लोकांना ती पट्टी असलेली बरी वाटत होती. पट्टीने काम लवकर होत नाही. पण काहीतरी चाललंय, आपल्याला कुणी विसरलेलं नाही, एवढं कळतं. एसटी स्टँडवर गाडी अर्धा तास लेट आहे असं कुणी सांगितलं तर आपण चहा प्यायला जातो. कुणीच काही सांगितलं नाही की दहा मिनिटांत कंट्रोलरच्या खिडकीवर भांडण सुरू होतं.

मग लक्षात आलं, दुकानातलं 'येतंय ते' म्हणजे पप्पांची प्रोग्रेस बारच होती.

शिव्या कुणाला घालायच्या?

चिडावं अशा जागाही आहेत. पण आपण तिथे चिडत नाही. रील अडकणं हा त्रास नव्हे. त्रास म्हणजे दाखला काढायला मजुरी बुडवून तालुक्याला आलेल्या माणसाला 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' ऐकावं लागणं. रेशनच्या मशीनवर कष्टाने झिजलेला अंगठा न लागणं. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख, आणि एक पोरगी रेंज मिळावी म्हणून पत्र्यावर चढून फोन उंच धरून बसलेली. या तिघांनाही गोल चक्रच दिसत असतं. फक्त आपल्या चक्राची किंमत वैताग असते आणि त्यांच्या चक्राची किंमत एक दिवस, महिन्याचं धान्य किंवा एक वर्ष.

ही चक्रं का फिरतात? एक कारण साधं आहे. ॲप बनवणारा मोठ्या शहरात, चांगल्या नेटवर, महागड्या फोनवर ते तपासतो. त्याच्याकडे ते भन्नाट पळतं. २०१५ मध्ये फेसबुकने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी 'टूजी ट्यूसडे' सुरू केला होता. दर मंगळवारी त्यांना तासभर टूजीच्या वेगावर आपलंच ॲप वापरून बघायचा पर्याय मिळायचा, म्हणजे भारतासारख्या देशातल्या लोकांना काय दिसतं ते कळावं. आपल्या ओळखीतली निम्मी पोरं आयटीत आहेत किंवा जायच्या तयारीत आहेत. मित्रांनो, एवढं तरी करा. तुमचं ॲप एकदा आईच्या फोनवर चालवून बघा. तोच फोन, ज्याची मेमरी गुड मॉर्निंगच्या फुलांनी भरलीये आणि स्क्रीनला तडा गेलाय. तिथे चाललं तर ते झालं म्हणा.

'द्या इकडे!'

आता जे सांगायला हा लेख लिहायला घेतला, ते सांगते. त्याच रविवारची संध्याकाळ. पप्पा फोनवरून लाइट बिल भरत होते. ओटीपी आला. त्यांनी मेसेज उघडला, आकडे मनाशी पुटपुटले, परत मागच्या स्क्रीनवर आले, पहिले दोन टाकले, पुढचे विसरले, परत मेसेजकडे गेले. मी शेजारी उभी. आणि माझ्या तोंडून सकाळचाच सूर निघाला, 'पप्पा, द्या इकडे! किती वेळ लावता!' फोन हातातून घेतला, पाच सेकंदांत बिल भरून परत दिला.

ते काही बोलले नाहीत. 'बरं झालं' म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

रात्री पुण्याच्या गाडीत ते डोळ्यांपुढून जाईना. ज्या माणसाने अख्ख्या तालुक्याला कम्प्युटर काय असतो ते दाखवलं, शंभर पोरांना टायपिंग शिकवलं, बोट धरून माझ्याकडून 'अ आ इ ई' टाइप करून घेतलं आणि एकदाही 'दे इकडे' म्हटलं नाही, त्याच्या हातातून मी फोन ओढून घेतला होता. भंगार लॅपटॉपशी बोलते त्या आवाजात. खरा धोका मला तिथे दिसला. मशीनवर चिडल्याने मशीनचं काही बिघडत नाही. पण अर्ध्या सेकंदात उत्तर मिळायची सवय लागली की माणसंही स्लो वाटायला लागतात. काउंटरवरचा कारकून, वाक्य सावकाश जुळवणारी आजी, उत्तर द्यायला अडखळणारा ज्युनिअर. त्यांच्या कपाळावर प्रोग्रेस बार नसते, आणि आपण आत काही चाललंय हेच विसरतो.

एक गोष्ट नंतर कळली. त्या मेसेजमध्ये लिहिलं होतं, हा ओटीपी तीन मिनिटं चालेल. म्हणजे मशीनने पप्पांना तीन मिनिटं दिली होती. मी तीस सेकंदही दिली नाहीत.

परवा परत कराडला होते. पप्पा गॅस बुक करत होते. मी शेजारी बसले, हात मांडीखाली घेऊन, मुद्दाम. दोनदा मेसेजकडे गेले, एकदा आकडा चुकला, परत टाकला. शेवटी चक्र फिरायला लागलं. आता मात्र पप्पाच वैतागले, 'काय गं हे, किती वेळ लावतंय!'

मी म्हटलं, 'थांबा की जरा, पप्पा. येतंय ते.'